सीटीच्या खोलीतलं शिक्षण

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मी रेडिओग्राफर आहे. दवाखान्यात तुम्ही जिला ‘एक्स-रेवाल्या ताई’ म्हणता, त्यातली एक. गेली बरीच वर्षं मी सीटी स्कॅनच्या विभागात काम करते आणि नव्याने येणाऱ्या मुलींना हाताखाली घेऊन शिकवते. आज त्या शिकण्याबद्दलच बोलणार आहे. तुमच्या घरातली मुलगी या क्षेत्रात असेल तर ऐकाच, आणि नसली तरी ऐका, कारण त्या टेबलावर झोपायची वेळ कुणावर कधी येईल सांगता येत नाही.

पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘मॅडम, बारावीनंतर तीन वर्षं शिकली, वर्षभर इंटर्नशिप केली. आता पगार घ्यायचा सोडून सीटीचं वेगळं प्रशिक्षण कशाला?’ प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी घ्या किंवा दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाची बीएस्सी, मुलगी बाहेर पडते तेव्हा तिला एक्स-रे बऱ्यापैकी येतो. सीटीवर तिने परीक्षेत उत्तरं लिहिलेली असतात. पण यंत्रापाशी बसून, रुग्णाची जबाबदारी अंगावर घेऊन स्कॅन किती केले, असं विचारलं की उत्तर कॉलेजगणिक बदलतं. कुणी भरपूर केलेले असतात, तर कुणी इंटर्नशिपभर रजिस्टरमध्ये नावं लिहीत आणि ट्रॉली ढकलत राहिलेली असते. दोघींची पदवी मात्र सारखीच.

सीटीचं यंत्र तसं फार जुनं नाही. गॉडफ्रे हौन्सफील्ड नावाचा एक इंजिनिअर इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीत होता. तीच ईएमआय, जिच्या एचएमव्हीच्या तबकड्या आपल्या आईवडिलांनी ऐकल्या. त्याने बनवलेल्या यंत्रावर 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. ती रुग्ण एक बाईच होती. 1979 साली हौन्सफील्डला अॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. तेव्हा एकेका कापाला काही मिनिटं लागत. आज अख्खी छाती काही सेकंदांत होते, आणि त्यामुळेच लोकांना वाटतं की यात शिकायचं काय, बटण तर दाबायचं.

बटण दाबायला मी एका दुपारीत शिकवते. बाकीच्याला महिने लागतात.

सीटीतही एक्स-रेच वापरतात, फक्त त्याची नळी रुग्णाभोवती गोल फिरते आणि कॉम्प्युटर त्यातून शरीराचे काप तयार करतो. पोटाच्या एका सीटीत मिळणारं रेडिएशन छातीच्या साध्या एक्स-रेच्या शंभर पटींहून जास्त असतं. घाबरवायला सांगत नाही. आजार ओळखायचा असेल तर तो सीटी काढायलाच हवा. पण कॉन्ट्रास्ट देण्याआधी एकदा, दिल्यावर एकदा, थोड्या वेळाने पुन्हा एकदा असा तोच भाग तीनदा स्कॅन केला तर रेडिएशनही जवळपास तिप्पट होतं. काही आजारांत ते लागतं, काहींत एकदाच पुरतं. चिठ्ठीवर नुसतं ‘सीटी पोट’ लिहिलं असेल तर फोन उचलून ‘डॉक्टर, नेमकं काय शोधायचंय?’ असं विचारायचं धाडस नव्या मुलीत यावं लागतं. ते वर्गात येत नाही. माणूस कड्याच्या बरोबर मध्यावर नसेल, टेबल दोन-चार सेंटीमीटर खाली राहिलं असेल, तर यंत्राचा अंदाज चुकतो, चित्र आणि रेडिएशन दोन्ही बिघडतात. लहान मुलाला मोठ्यांचं सेटिंग लावायचं नसतं. या गोष्टी मागे उभी असलेली सीनियर दहादा टोकते तेव्हा हातात बसतात.

आता बायकांचं सांगते, कारण हे फारसं कुठे बोललं जात नाही.

डायचं इंजेक्शन, म्हणजे कॉन्ट्रास्ट, मशीनने जोरात दिलं जातं. रक्तवाहिन्यांचा स्कॅन असेल तर सेकंदाला चार-पाच मिलिलिटरपर्यंत. ते आत गेलं की सगळ्या अंगातून गरम लाट जाते आणि ओटीपोटात अशी ऊब येते की आपल्याला लघवीच झाली असं वाटतं. झालेली नसते. हे आधी सांगितलं नाही तर बाई शरमेने दचकते, हलते, आणि स्कॅन वाया जातो. मी शिकाऊ मुलींना हे वाक्य तोंडपाठ करायला लावते. कुणाला अॅलर्जी आहे का, दम्याचा त्रास आहे का, क्रिएटिनिनचा रिपोर्ट कुठे आहे, मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे का, हे विचारल्याशिवाय सिरिंज भरायची नाही. सुई शिरेत नीट बसली आहे का, हे आधी सलाईन सोडून बघायचं, नाहीतर औषध शिरेबाहेर जाऊन हात सुजतो. स्कॅन झाला तरी लगेच सुई काढून घरी पाठवायचं नाही. अॅलर्जीचा त्रास व्हायचा तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच होतो, म्हणून तेवढा वेळ बसवून ठेवायचं.

आणि पाळीचा प्रश्न. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला विचारावं लागतं की दिवस गेले असण्याची शक्यता आहे का. विचारायचं कुठे? दारात, सासू आणि दीर उभे असताना विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. आत घेऊन, दार लोटून, कपडे बदलताना हळू आवाजात विचारलं तर खरं कळतं. अविवाहित मुलीलाही विचारायचं, तेही आईला बाहेर बसवून. बावीस वर्षांच्या रेडिओग्राफरला याची स्वतःलाच लाज वाटते. ती लाज मोडायला वेळ द्यावा लागतो.

आवाजाचीही एक गोष्ट आहे. श्वास रोखायची सूचना बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत किंवा हिंदीत रेकॉर्ड केलेली असते. बहुतेक यंत्रांवर ती आपल्या भाषेत भरता येते. आमच्याकडे एका ताईने आपल्या आवाजात भरली: ‘श्वास आत घ्या, धरून ठेवा, आता सोडा.’ त्यानंतर आजीबाईंचे स्कॅन हललेले येणं बरंच कमी झालं.

शिकायचा सगळ्यात अवघड भाग चित्र पाहणं हा आहे. सीटीच्या मोजपट्टीवर पाण्याला शून्य आणि हवेला उणे एक हजार धरतात. या आकड्यांना हौन्सफील्डचंच नाव आहे. ताजं रक्त मेंदूत पांढरं दिसतं. लकव्याच्या झटक्याने माणूस आला की पहिला प्रश्न हाच: आत रक्त सांडलंय की गुठळी अडकलीय? गुठळी विरघळवायचं औषध झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव असताना तेच दिलं तर जीव जाऊ शकतो. रिपोर्ट रेडिओलॉजिस्टच देणार. पण ते चित्र पडद्यावर सगळ्यात आधी पाहते ती तिथे बसलेली मुलगी. पांढरा डाग दिसताच पुढच्या रुग्णाला थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, आणि काचेपलीकडच्या नातेवाइकांना चेहऱ्यावरून काही कळू द्यायचं नाही, हे तिला यायला हवं. रात्री तीन वाजता ती एकटी असते, म्हणून तर जास्तच.

ब्रिटनमध्ये पदवीनंतर रेडिओग्राफर नोकरी करता करता सीटीचं पदव्युत्तर प्रमाणपत्र घेतात. काही विषय विद्यापीठाचे, आणि मोठा भाग आपल्याच रुग्णालयात, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. प्रत्येक प्रकारचा स्कॅन किती वेळा पाहिला, किती वेळा सोबतीने केला, किती वेळा एकटीने, याची वही ठेवायची आणि त्यावर सही घ्यायची. पुढे आणखी शिकून तिथले काही रेडिओग्राफर डोक्याच्या सीटीचा रिपोर्टही देतात. आपल्याकडे एमएस्सी आहे, ती चांगलीही आहे, पण बहुतेक मुली सीटी शिकतात त्या नोकरीच्या जागी, जमेल तसं. नवं यंत्र आलं की कंपनीचा माणूस काही दिवस येऊन दाखवतो. तो यंत्र शिकवतो. रुग्ण कोण शिकवणार? 2021 साली आपल्या क्षेत्रासाठी केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. अभ्यासक्रम आणि नोंदणी त्यातून एका शिस्तीत आली तर मला आनंदच आहे. पण वहीवर सही करणारी सीनियर त्या त्या रुग्णालयालाच नेमावी लागेल, आणि शिकवण्याचे तास तिच्या ड्युटीत धरावे लागतील. आज ती स्वतःचे रुग्ण संपवून उरलेल्या वेळात शिकवते.

मुलीच्या आईवडिलांच्या मनात आणखी एक भीती असते, ती ते मला बाजूला घेऊन विचारतात. रेडिएशनमुळे पुढे मूलबाळ होईल ना? स्कॅन चालू असताना आम्ही शिशाच्या काचेमागे, बंद दाराबाहेर असतो. नळी बंद झाली की रेडिएशन संपतं, खोलीत काही साचून राहत नाही. छातीला टीएलडी बॅज असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने आम्हाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घातली आहे. नीट काम करणाऱ्या सीटीच्या मुलीचा आकडा त्याच्या आसपासही जात नाही. दिवस गेले तर लगेच विभागात सांगायचं, कामाची जागा बदलून घ्यायची. लग्न जमवताना हे कुणी काढलं तर बॅजचे रिपोर्ट दाखवा.

तेव्हा मुलींनो, नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही चार गोष्टी विचारा. पहिले किती आठवडे माझ्या मागे कुणी उभं असेल? केलेल्या स्कॅनची वही ठेवतात का, सही कोण करतं? एकटीची नाईट कधीपासून, आणि तेव्हा फोनवर सीनियर मिळेल का? रिअॅक्शन आली तर डॉक्टर त्या इमारतीत असतो का? जिथे म्हणतील ‘या सोमवारपासून, नाईटपासूनच सुरू करा’, तिथे दोन हजार जास्त मिळत असले तरी आधी घरी येऊन विचार करा. आणि ‘तीन महिन्यांत सीटी-एमआरआय टेक्निशियन’ अशी पाटी दिसली, तर फी भरण्याआधी एवढंच म्हणा, की मला तुमचं यंत्र दाखवा.