मध्यभूमीची कथा आणि तिचे गारूड

१९५२ साली लंडनच्या ॲलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने एक अवाढव्य कादंबरी छापावयाचे ठरविले, तेव्हा या व्यवहारात हजार पौंडांची खोट बसण्याचा संभव आहे, असा तिचा स्वतःचाच हिशेब होता. लेखक साठीला पोहोचलेले, ऑक्सफर्ड विद्यापीठातील इंग्रजी भाषेचे प्राध्यापक. त्यांच्याशी करार झाला तो असा की, खर्च भरून निघेपर्यंत त्यांना काहीही मिळू नये. त्यानंतर मात्र नफा निम्मा निम्मा वाटून घ्यावा. कागद महाग होता, म्हणून एकाच कादंबरीचे तीन खंड करण्यात आले आणि ते जुलै १९५४ ते ऑक्टोबर १९५५ या काळात बाहेर पडले. ही कादंबरी म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि ते प्राध्यापक म्हणजे जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन. हजार पौंडांचा अंदाज कितपत चुकला, हे सांगावयास नकोच. २००३ साली बी.बी.सी.ने ब्रिटनमधील वाचकांना त्यांची सर्वांत आवडती कादंबरी विचारली, तेव्हा कौल याच ग्रंथाच्या बाजूने पडला.

टीकाकारांचा कौल मात्र सदैव असा नव्हता. अमेरिकेतील नामांकित समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९५६ साली तिची गणना पोरकट वाङ्मयात केली. राक्षस, जादूगार, मंतरलेल्या तलवारी यांत प्रौढ माणसाने रमावे तरी कसे, हा त्या टीकेचा रोख. प्रश्न अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. जादूच्या तलवारी असलेली पुस्तके पूर्वीही होती आणि त्यानंतर तर त्यांचा महापूर आला. त्यांतील बहुतेक आज कोणाच्या स्मरणातही नाहीत. मग हेच पुस्तक पिढ्यानुपिढ्या पुन्हा पुन्हा का वाचले जाते?

ज्यांनी ते वाचले नसेल त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात असे. मध्यभूमी नावाच्या प्राचीन जगात सौरॉन नामक दुष्ट शक्तीने एक अंगठी घडविली आणि आपले बहुतेक सामर्थ्य तिच्यात ओतले. ती हरवली आणि पुष्कळ काळानंतर फ्रोडो या हॉबिटाच्या हाती आली. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे, शेतीभाती करणारे, दिवसातून अनेकदा जेवणारे, कोणाच्या अध्यात ना मध्यात असे लोक. ती अंगठी वापरून शत्रूला जिंकता येईल. पण जो ती वापरील तो स्वतःच दुसरा सौरॉन होईल. यास्तव ती ज्या ज्वालामुखीत घडली त्यातच तिला टाकून नष्ट केले पाहिजे, आणि तो पर्वत शत्रूच्या राज्याच्या पोटात आहे. येथवरचा विचारच पाहा: बहुतेक अद्भुत कथांत नायक काही तरी मिळविण्यासाठी निघतो, हा नायक निघतो तो हाती असलेले टाकून देण्यासाठी.

टोल्किन यांचे जग कथेपासून सुरू झाले नाही, ते भाषेपासून सुरू झाले. लहानपणापासून त्यांना नव्या भाषा रचण्याचा छंद होता. फिनिश भाषेच्या नादावरून त्यांनी क्वेन्या नावाची भाषा घडविली आणि वेल्श भाषेच्या वळणावरून सिंदारिन. या नुसत्या शब्दांच्या याद्या नव्हत्या. एका मूळ भाषेपासून दुसऱ्या कशा फुटल्या, उच्चार कसे झिजले, हे सर्व त्यांनी नियमपूर्वक बसविले. मग या भाषा बोलणारे कोणी तरी हवे, म्हणून एल्फ नावाचे अमर लोक आले. त्यांना इतिहास हवा, म्हणून त्यांची युद्धे, विश्वासघात, स्थलांतरे आली. हे काम १९१६-१७ पासून त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७३ पर्यंत, अव्याहत चालू होते. ‘सिल्मरिलियन’ हा त्या प्राचीन इतिहासाचा ग्रंथ त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९७७ साली संपादून प्रसिद्ध केला आणि पुढे १९८३ ते १९९६ या काळात उरलेल्या हस्तलिखितांचे बारा खंड काढले. पित्याच्या कल्पनेची एवढी निष्ठेने राखण करणारा पुत्र वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

या इतिहासाचा कादंबरीला काय उपयोग, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शत्रूच्या सीमेवरील अंधाऱ्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि त्याचा माळी सॅम थकून बसलेले आहेत. सॅमला एक जुनी कथा आठवते. बेरेन नावाच्या मानवाने आणि लूथियन या एल्फ राजकन्येने पहिल्या दुष्ट राजाच्या लोखंडी मुकुटातून एक तेजस्वी रत्न काढून आणले. ते रत्न पुढे एअरेंदिल या दर्यावर्द्याकडे गेले आणि त्याचा आकाशात तारा झाला. बोलता बोलता सॅम चपापतो. फ्रोडोच्या खिशातील कुपीत जो प्रकाश साठवून दिलेला आहे, तो त्याच ताऱ्याचा. म्हणजे ती हजारो वर्षांपूर्वीची कथा संपलेलीच नाही आणि आपण दोघे तिच्यातच उभे आहोत! वाचकालाही तेथे पायाखालची जमीन किती खोल आहे, याची जाणीव होते. बारीकसारीक गोष्टींतही हीच सचोटी आहे. १९४४ साली लिहिताना कथेतील चंद्र अशक्य वेळी उगवतो आहे, असे ध्यानात येताच टोल्किन यांनी मागची प्रकरणे उलगडून तिथ्या जुळविल्या. आपल्याकडे पुराणकथा ऐकत वाढलेल्या वाचकाला कथेतून कथा निघण्याचे नवल वाटणार नाही. परंतु जी वाढ तेथे अनेक पिढ्यांनी केली ती येथे एका माणसाने, नोकरी सांभाळून, रात्री जागून केली.

लूथियनची कथा कोठून आली, हेही ज्ञात आहे. १९१७ साली यॉर्कशरमधील रूस गावाजवळच्या रानात त्यांची पत्नी ईडिथ त्यांच्यासाठी नाचली होती. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत पतिपत्नींच्या नावांखाली लूथियन आणि बेरेन अशी नावे कोरलेली आहेत.

टोल्किन यांचा जन्म १८९२ साली दक्षिण आफ्रिकेत ब्लोमफाँटेन येथे झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. १९०० साली आईने कॅथलिक धर्म स्वीकारला, म्हणून नातलगांनी पैशाची मदत थांबविली; चारच वर्षांनी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, मधुमेहाने तिचा अंत झाला. पुढे बर्मिंगहॅमच्या फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी या मुलांचा सांभाळ केला. १९१६ च्या उन्हाळ्यात टोल्किन सोमच्या रणांगणावर होते. त्यांच्या शाळेतील चार जिवलग मित्रांपैकी दोघे त्या वर्षी मारले गेले. सॅमसारखा साधा, एकनिष्ठ सेवक त्यांना त्या युद्धातील साध्या शिपायांत भेटला. तथापि आपली कथा हे एखाद्या युद्धाचे रूपक आहे, हे म्हणणे त्यांनी निक्षून नाकारले. अंगठी म्हणजे अणुबाँब, हा तर्क काळाच्या हिशेबानेच टिकत नाही; अंगठी कथेत आली ती १९४५ च्या कितीतरी आधी.

आता या कथेच्या गाभ्याकडे वळू. गोलम हा एक दुबळा, कपटी, अंगठीच्या लोभाने सडलेला जीव. फ्रोडोचा चुलता बिल्बो याला एका अंधाऱ्या गुहेत त्याला ठार मारण्याची संधी मिळते. बिल्बो तलवार उगारतो आणि त्याला दया येते. पुढे फ्रोडोही त्याला जिवंत सोडतो. शेवटी ज्वालामुखीच्या कडेवर, एवढा प्रवास, एवढे हाल सोसून आल्यावर, फ्रोडोच्याने अंगठी टाकवत नाही. तो ती आपली म्हणून बोटात घालतो. नायक हरतो! त्या क्षणी गोलम झडप घालून त्याचे बोटच तोडतो आणि हर्षाच्या भरात तोल जाऊन अंगठीसह खाली आगीत पडतो. जगाचे रक्षण झाले ते नायकाच्या पराक्रमाने नव्हे. कित्येक वर्षांपूर्वी एका गुहेत न चाललेल्या तलवारीमुळे.

यातील खरी मौज निराळीच आहे. बिल्बोची ही दया १९३७ सालच्या ‘द हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीत नव्हतीच. तेथील गोलम पैजेत अंगठी देऊ करतो, ती सापडत नाही म्हणून क्षमा मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवितो. मोठी कथा लिहिताना टोल्किन यांना हे जुळेना. १९४७ साली त्यांनी ते प्रकरण नमुन्यादाखल नव्याने लिहून प्रकाशकांकडे धाडले, आणि १९५१ च्या आवृत्तीत ते छापलेही गेले. मग जुन्या प्रतींचे काय? त्यावर त्यांनी तोड काढली ती अशी की, पहिली हकीकत ही बिल्बोने सांगितलेली थाप होती; अंगठीवरचा आपला हक्क सिद्ध करण्यासाठी तो खोटे बोलला, आणि हा अंगठीच्या विषाचा पहिला परिणाम. लेखकाची अडचण अशी कथेच्या सत्यात विरघळून गेली. ज्या एका कृत्यावर सारा डोलारा उभा आहे, ते चौदा वर्षांनी पायाखाली सरकविलेले आहे, हे वाचकाला सांगूनही खरे वाटू नये.

मध्यभूमीत देऊळ नाही, पुरोहित नाही, प्रार्थनाही जवळजवळ नाही. तरी १९५३ साली एका जेसुइट स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात टोल्किन यांनी आपला ग्रंथ मुळात धार्मिक आणि कॅथलिक असल्याचे कळविले. प्रथम नकळत आणि मग पुनर्लेखनात जाणून बुजून तो तसा झाला, असे ते म्हणतात. अंगठी नष्ट होते ती तारीख २५ मार्च. गब्रिएल देवदूताने मरियेला निरोप सांगितला त्या सणाचा हा दिवस. इंग्लंडात १७५२ पर्यंत कायदेशीर वर्षारंभही याच तारखेस होत असे, आणि कादंबरीतील गोंडोर राज्याचे नवे वर्षही पुढे याच दिवशी सुरू होते. फ्रोडोच्या पराभवाचा खुलासा करताना लेखकाने प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेचाच आधार घेतला आहे: आम्हाला मोहात पडू देऊ नकोस, ही विनवणी माणसाला करावी लागते, कारण सोसण्याच्या पलीकडचा मोह असू शकतो.

विजयानंतरही फ्रोडो बरा होत नाही. गावी परततो तर गावच गुंडांनी उद्ध्वस्त केलेले. ते सोडविले, झाडे पुन्हा लावली, तरी प्रतिवर्षी ठरावीक तिथीला त्याची जुनी जखम ठणकते. अखेर तो समुद्रापार निघून जातो. ज्यांनी देश वाचविला त्यांना त्यात राहता येऊ नये, हे युद्धावरून आलेल्या माणसाने लिहिले आहे, हे कळावयास चरित्र वाचण्याची गरज पडत नाही.

या ग्रंथात उणिवा नाहीत असे नव्हे. स्त्रिया मोजक्याच आहेत. प्रवासवर्णने कित्येक ठिकाणी लांबतात. परंतु सर्वांत अवघड शंका ऑर्कांविषयीची आहे. ऑर्क म्हणजे शत्रूच्या सैन्यातील क्रूर टोळ्या. ते शेकड्यांनी कापले जातात आणि त्यांच्यासाठी कोणी हळहळत नाही. गोलमला मिळालेली दया त्यांच्या वाट्याला का येऊ नये? दुष्ट शक्तीला नवा जीव निर्माण करता येत नाही, केवळ बिघडविता येतो, हा तर टोल्किन यांचाच सिद्धान्त. मग या बिघडलेल्यांना आत्मा आहे की नाही? हा प्रश्न टीकाकारांपूर्वी लेखकालाच छळत होता. ऑर्क हे बिघडविलेले एल्फ, की बिघडविलेले मानव, की बोलायला शिकविलेले पशू, यासंबंधी त्यांनी उतारवयात टिपणामागून टिपण लिहिले. १९९३ साली ख्रिस्तोफर यांनी हस्तलिखितांच्या दहाव्या खंडात ती छापली. प्रत्येक टिपणात निराळे उत्तर आहे, आणि त्यांपैकी एकही उत्तर त्यांनी कायम केलेले नाही.