मोटारीचा गंज

पावसाळा संपून आश्विनाचें ऊन पडूं लागलें, कीं विलेपार्ल्याच्या जुन्या गल्ल्यांतून एक देखावा अजूनहि कोठें कोठें दिसतो. चार महिने ताडपत्रीखालीं झांकून ठेवलेली एखादी जुनी मोटार उघडी केली जाते, घरांतील मंडळी भोंवतीं जमतात, आणि दाराच्या खालच्या कडेला कोणाच्या तरी बोटास रंगाचा एक लहानसा फोड लागतो. दाबतांच तो फुटतो व आंतून तांबूस भुकटी गळते. "एवढेंच ना? रंगाचा एक हात दिला कीं झालें," असें म्हणून मंडळी घरांत परततात. या एवढ्याशा फोडाचा अर्थ काय व त्यावर खरा उपाय कोणता, याचा विचार आज करावयाचा आहे.

मुंबईकर कुटुंबाची जुनी मोटार म्हटली कीं बहुधा फियाटच डोळ्यांपुढें उभी राहते. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. तिचा कारखाना कुर्ल्यास, म्हणजे पार्ल्याहून फारसा दूर नव्हता. तेथें बनणारी फियाट ११०० ही गाडी पुढें १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली व शतक पालटण्याच्या सुमारास तिचें उत्पादन बंद पडलें. पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीनेंहि, वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळें, ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. खाजगी गाड्या मात्र कांहीं घरांतून अद्याप जिव्हाळ्यानें जपलेल्या आहेत.

या गाडीचा गंज समजण्यासाठीं तिची बांधणी आधीं समजली पाहिजे. पूर्वींच्या बहुतेक मोटारींना खालीं भक्कम लोखंडी सांगाडा असे आणि त्यावर बॉडी बसविलेली असे. बॉडी कुजली तरी सांगाडा शाबूत राही. इटलींत १९५३ सालीं निघालेल्या नव्या फियाट ११०० ची रचना निराळी. तिला वेगळा सांगाडाच नाहीं. पातळ पोलादी पत्रे दुमडून व एकमेकांस सांधून जी बॉडी बनते, तीच सर्व भार वाहते. पत्र्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. त्याला बळ येतें तें घड्यांमुळें. कागदाचा एक ताव उभा राहत नाहीं, पण त्याचीच नळी केली तर ती वहीचा भार तोलून धरते. तोच हा न्याय. दारांच्या खालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, दोन्ही बाजूंस जी पोकळ पट्टी जाते, ती अशा गाडीचा कणा होय. म्हणून तेथील गंज हा कातडीचा रोग नसून हाडाचा रोग आहे.

लोखंड गंजावयास पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं दोन्हीं एकत्र यावीं लागतात. उकळून हवा घालविलेल्या पाण्यांत, वर तेलाचा थर देऊन, खिळा बुडवून ठेवला तर तो पुष्कळ दिवस चकचकीत राहतो, हा शाळेंतील प्रयोग अनेकांस आठवत असेल. गंजण्याची क्रिया मुळांत विजेरीसारखी आहे. ओल्या पत्र्यावर एका ठिकाणीं लोखंड विरघळतें व शेजारच्या ठिकाणीं प्राणवायु खर्ची पडतो. पाण्यांत मीठ असलें कीं विजेची ही ये-जा फार सुलभ होते. शिवाय मीठ हवेंतील ओलावा ओढून घेतें, त्यामुळें पत्रा लवकर सुकत नाहीं. पार्ल्याच्या पश्चिमेस जुहूचा समुद्र आहे आणि पावसाळ्याचें वारें त्याच बाजूनें येतें. तेव्हां या उपनगरांत गंजास लागणारें सर्व साहित्य निसर्गच घरपोंच आणून देतो.

तांब्यावर किंवा ॲल्युमिनियमवर जो थर चढतो तो धातूस घट्ट चिकटून आंतल्या भागाचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र व भुसभुशीत असतो, आणि मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. तो फुगतो, वरचा रंग उचलतो, आणि त्या पोकळींत नवें पाणी शिरतें. यावरून फोडाचा अर्थ कळतो. फोड दिसला त्या दिवशीं गंज सुरू झालेला नसतो. बहुधा तो आंतून खात खात त्या दिवशीं बाहेर पोंचलेला असतो.

कोणी विचारील, दिल्लीस मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें उघड्यावर उभा आहे, त्यास हा रोग कां जडला नाहीं? त्या स्तंभाच्या लोखंडांत स्फुरदाचें प्रमाण बरेंच आहे व त्यामुळें त्यावर एक पातळ रक्षक थर बनला आहे, असें शास्त्रज्ञांना आढळून आलें. दिल्लीची हवाहि वर्षाचा बराच काळ कोरडी. मोटारीच्या पातळ पत्र्यास यांपैकीं कोणतेंच भाग्य नाहीं. त्याचें कवच म्हणजे त्यावरचा रंग, एवढेंच.

आतां कल्पनेपुरतें एक उदाहरण घ्यावें. पार्ले पूर्वेच्या एका जुन्या दुमजली इमारतींत एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. इमारत पाडून नवी व्हावयाची आहे, तोंपर्यंत भाड्यानें घेतलेल्या जागेंत मोटार ठेवण्याची सोय नाहीं, म्हणून फियाट विकावयाचें ठरलें. घेणारें जोडपें तरुण, हौशी, पदरीं एक लहान मूल. विकण्यापूर्वीं जरा रंग द्यावा म्हणून पत्रेकाम करणाऱ्या मिस्त्रींस बोलाविलें. मिस्त्रींनीं गाडीशेजारीं गोणपाट टाकलें व आडवे होऊन स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनें दाराखालचा पत्रा ठोकून पाहिला. पुढें खणखणीत वाजणारा पत्रा मागच्या चाकाजवळ येतांच बद्द वाजूं लागला. त्यांनीं खिशांतून लहानसा लोहचुंबक काढून लावला. तो तेथें चिकटेना.

"काका, येथें पत्रा उरलेलाच नाहीं. पूर्वीं कोणी तरी पुट्टी भरून वरून रंग मारला आहे."

"पुन्हां तसेंच भरलें तर?"

"दोन दिवसांत गाडी नवी दिसेल. पुढचा पावसाळा येईपर्यंत कोणाला कळणारहि नाहीं."

"आणि कापून नवा पत्रा लावला तर?"

"तर आठ-पंधरा दिवस जातील आणि खर्च बराच येईल. गाडी तुमची आहे काका, तुम्ही सांगाल तसें करतों. पण मागची सीट बरोबर याच्याच वर आहे, एवढें पाहा."

गृहस्थ घरांत आले. पत्नीनें विचारलें, तेव्हां त्यांनीं सर्व हकीकत सांगितली. ऐकून ती एवढेंच म्हणाली, "अहो, आपलीं मुलें त्याच सीटवर बसून शाळेंत जात होतीं."

पुट्टीचा दोष नेमका येथें आहे. पत्रा पक्का असून त्यावर पोंचा पडला असेल, तर तो भरून काढावयास पुट्टी हें योग्य साधन आहे. पण भोंकावर बसविलेली पुट्टी भार सोसत नाहीं. शिवाय तिच्या कडेनें पाणी आंत शिरतें आणि आड राहून गंज अधिकच वाढतो. एखादा धक्का बसला म्हणजे तो भाग घडी पडल्यासारखा मिटतो, आणि त्या वेळीं आंत जो बसलेला असतो त्याला या लपवाछपवीची कांहींच कल्पना नसते.

खरा उपाय गंजाच्या पायरीवर अवलंबून आहे. पहिल्या पायरीस गंज केवळ वरवर असतो. अशा वेळीं तारेचा ब्रश व पॉलिश पेपर यांनीं चकचकीत धातु दिसेपर्यंत घांसावें. खोलगट ठिपके पडले असतील, ती दुसरी पायरी. तेथें घांसल्यावर स्फुरदाम्लाचा गंजनाशक लावावा, म्हणजे उरलासुरला गंज निरुपद्रवी होतो. नंतर जागा पुसून पूर्ण कोरडी करावी. दोन्ही पायऱ्यांस त्याच दिवशीं प्रायमर देणें अगत्याचें आहे, कारण मुंबईच्या हवेंत उघडा पत्रा एका रात्रींतहि तांबूस होऊं शकतो. पूर्वीं लोखंडास शेंदराचा हात देत. शेंदूर हें शिशाचें संयुग असून विषारी आहे. सबब जुना रंग घांसतांना नाकातोंडावर मुखपट्टी असावी आणि मुलांस दूर ठेवावें.

तिसरी पायरी भोंकाची. येथें घरगुती उपाय चालत नाहीं, वेल्डिंगच करावें लागतें. आधीं बॅटरीच्या तारा सोडवाव्या, सीट व पायपुसणीं बाहेर काढावीं, आणि काम पेट्रोलच्या टाकीजवळ असेल तर टाकीहि उतरवावी. कणा कापावयाचा असल्यास गाडीस खालून ठिकठिकाणीं टेकू द्यावे, नाहींतर ती मध्यें लवते व दारें पुन्हां नीट लागत नाहींत. निरोगी धातु लागेपर्यंत कुजका भाग कापून टाकावा, तितक्याच जाडीचा पत्रा बसवावा, आणि एका दमांत सांधण्याऐवजीं थोडे थोडे टांके दूर दूर देत, मध्यें निवूं देत काम करावें, म्हणजे पत्रा वांकत नाहीं. शेवटीं सांध्यांत सीलर, वर जस्तयुक्त प्रायमर व रंग, आणि पोकळ भागाच्या आंत मेणासारखा गंजरोधक फवारावा. हा आंतला फवारा पुष्कळदां विसरला जातो आणि कांहीं वर्षांत गंज त्याच वाटेनें परत येतो.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते व त्यानंतर तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं तिचें नूतनीकरण होतें. पण पांच वर्षें म्हणजे पार्ल्याचे पांच पावसाळे. मधल्या काळांतील तपासणी घरच्यांनींच करावयाची आहे.

ती अवघडहि नाहीं. जुन्या घरांतील बायका विळी वापरल्यावर कोरडी पुसून ठेवीत आणि लोखंडी तव्यास तेलाचा हात फिरवीत. तीच संवय मोटारीस लावावी. दारांच्या तळाशीं पाणी निथळण्यासाठीं बारीक भोंकें असतात, तीं काडीनें मोकळीं ठेवावीं. पुढच्या कांचेखालीं झाडांचा पाला सांचतो, तो आठवड्यास काढावा. पायाखालचें रबर उचलून त्याखालचा नमदा ओला आहे काय तें पाहावें. जुहूच्या चौपाटीवरून आल्यावर चाकांवरचे व गाडीखालचे भाग गोड्या पाण्यानें धुवावे. आणि ताडपत्री घट्ट गुंडाळूं नये, कारण तिच्याआड दमट हवा कोंडते व गाडी आंतून घामेजते. वर छप्पर आणि चारी बाजूंनीं वारा, ही सर्वांत उत्तम व्यवस्था.

उदाहरणांतील गृहस्थांनीं शेवटीं काय केलें? त्यांनीं त्या तरुण जोडप्यास बोलाविलें, मिस्त्रींकडून पुट्टी खरवडून घेतली आणि भोंक तसेंच्या तसें दाखविलें. काम आधीं पुरें करावें, खर्च किंमतींतून वळता करावा, असें ठरलें. गाडीची किंमत बरीच उतरली. पण ती घरासमोरून निघाली तेव्हां मागच्या सीटवरच्या मुलानें हात हलविला, आणि दारांत उभ्या असलेल्या त्या दोघांस स्वस्थ मनानें हात हलवून उत्तर देतां आलें.

यंदां आश्विनांत ज्यांच्या घरीं ताडपत्री निघेल, त्यांनीं लोहचुंबकाचा एक तुकडा फडक्यांत गुंडाळून दाराखालून फिरवून पाहावा. रंगाचा डबा त्यानंतर उघडावा.