मेक्सिकोची सरबतं आणि आपली अंबाडी

आज आम्ही सरबतांवर बोलणार आहोत. पन्हं, कोकम तर तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं येतं. म्हणून आज जरा लांब जाऊ, मेक्सिको देशात.

मेक्सिकोच कशाला? सांगतो. आमचा गट लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेतो. हल्ली घरातली तरुण पोरं विचारतात, "ताई, मेक्सिकन मॉकटेल कराल का?" मॉकटेल म्हणजे दारूच्या पेयाची दारू न घालता केलेली नक्कल. तसाच पेला, तसाच रंग, काठाला मीठ. आता ज्या गावांत बायांनी रांगा लावून आडव्या बाटलीला मत दिलं आणि दुकान बंद पाडलं, तिथे मांडवात असे पेले फिरले, तर कोणी मागच्या बाजूला जाऊन त्यात काय ओतलं ते कसं कळणार? आणि तोच पेला लेकरांच्याही हातात. म्हणून आम्ही ठरवलं, नक्कल नको. मेक्सिकोतली जी पेयं मुळातच बिनदारूची आहेत, तीच शिकू.

तिथे त्यांना ‘अग्वास फ्रेस्कास’ म्हणतात. अग्वा म्हणजे पाणी, फ्रेस्का म्हणजे ताजं, गार. बाजारात काचेच्या मोठमोठ्या बरण्या मांडलेल्या असतात. एकीत लाल, एकीत पांढरं, एकीत तपकिरी सरबत. लांब दांड्याच्या पळीने पेला भरून देतात. फळ, फूल, बी किंवा धान्य, त्यात पाणी आणि साखर, एवढंच सामान. जेवणाबरोबरही तेच पितात.

पहिलं लाल सरबत, ‘हामाइका’. नाव परकं, पण वस्तू ओळखीची. ही आपली लाल अंबाडी! झाड आफ्रिकेतलं, तिकडेही पोचलं आणि इकडेही. आपण पाल्याची भाजी करतो, बोंडांची चटणी करतो. मेक्सिकोत वाळवलेल्या लाल बोंडांच्या पाकळ्यांचं सरबत होतं. वाटीभर वाळल्या पाकळ्या धुऊन एक लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, वीस मिनिटं झाकून ठेवा, गाळा. वरून एक लिटर गार पाणी आणि १०० ग्रॅम साखर. आठ पेले होतात. पातेलं स्टीलचंच घ्या. अंबाडी आंबट, ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईच्या पितळेत उकळू नका. गरोदर बायांनी आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, कारण अंबाडीने रक्तदाब थोडा उतरतो.

दुसरं तपकिरी, ‘तामारिंदो’. म्हणजे चिंच. अरबीत तिला ‘तमर हिंदी’, हिंदुस्तानचा खजूर म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. चिंच गरम पाण्यात भिजवा, कोळून गाळा, पाणी आणि गोड घाला. गूळ घातला तरी चालतो.

तिसरं पांढरं, ‘ओर्चाता’. हे तांदळाचं. वाटीभर तांदूळ आणि दालचिनीचा तुकडा चार-पाच तास भिजवायचा, बारीक वाटायचा, पातळ फडक्यातून गाळायचा. मग चार वाट्या पाणी आणि चवीपुरती साखर. काही जणी दूधही घालतात. आंबट न चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे बरं. पण ते टिकत नाही. गार ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

चौथं लिंबू आणि चिया. चिया हे मेक्सिकोचं फार जुनं बी, स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिथल्या लोकांच्या आहारात आहे. बाजारात चिया महाग मिळतो. आपला सब्जा त्याच्याच कुळातला आणि तसाच फुगतो. एक लिटर लिंबूपाण्याला एक मोठा चमचा पुरे. वीस मिनिटं भिजवूनच घाला. कोरडं बी घशात फुगून अडकू शकतं, लेकरांना तर देऊच नका.

आता सावध कुठे राहायचं ते ऐका. मेक्सिकोत ‘तेपाचे’ नावाचं पेय आहे. अननसाची सालं, गूळ आणि दालचिनी पाण्यात दोन-तीन दिवस आंबवून करतात. दिसायला सरबत, पण आंबवल्यामुळे त्यात थोडी दारू उतरते. जास्त दिवस ठेवलं तर वाढते. तसंच तिथल्या मागे नावाच्या घायपातासारख्या झाडाचा रस. ताजा असतो तेव्हा गोड असतो, त्याला ‘अग्वामिएल’ म्हणतात, म्हणजे मधाचं पाणी. आंबला की त्याची ‘पुल्के’ नावाची दारू होते. आपल्याकडे नीरेची ताडी होते, अगदी तसंच. म्हणून कोणतंही नवं पेय घेताना, देताना पहिला प्रश्न विचारा: हे आंबवलेलं आहे का? उत्तर ‘हो’ आलं, तर ते लेकरांना आणि गरोदर बाईला नको. आणि ज्याने कष्टाने दारू सोडलीय, त्याच्या हातात तर मुळीच नको.

दुसरा प्रश्न साखरेचा. दारू नाही म्हणजे झालं, असं नाही. बाटलीतल्या गोड थंड पेयाच्या एका पेल्यात साधारण २५ ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे. मेक्सिकोत घरची सरबतं होती, तरी बाटल्या घरोघर शिरल्या, आणि मधुमेह, लठ्ठपणा वाढला. शेवटी २०१४ पासून सरकारने साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. ओआहाका नावाच्या राज्याने २०२० मध्ये लहान मुलांना ती विकायलाच बंदी केली. आम्ही सांगितलेल्या अंबाडीच्या सरबतात पेल्याला बारा-तेरा ग्रॅम साखर पडते, निम्मी. आणखी कमी करायची तर ते आपल्याच हातात आहे. घरात कुणाला साखरेचा आजार असेल, तर साखर घालायच्या आधी त्यांचा पेला वेगळा काढा. गूळसुद्धा त्यांना साखरेसारखाच.

तिसरा प्रश्न पाण्याचा. पाणी उकळून गार केलेलं, आणि बर्फही त्याच पाण्याचा. मासे टिकवायच्या बर्फाची लादी पेल्यात नको.

मैत्रिणींनो, थंडीत अंबाडीची बोंडं निघतात. मधलं बी काढा, लाल पाकळ्या सावलीत वाळवा, हवाबंद डब्यात भरा. उन्हाळ्यात लग्नसराई येते तेव्हा माल घरात तयार. लग्नाच्या ऑर्डरीत आम्ही आता लाल, पांढरं, तपकिरी अशी तीन भांडी मांडतो. प्रत्येकावर काय घातलंय त्याची चिठ्ठी लावतो, आणि पळी गटातल्याच बाईच्या हातात असते. मांडवाच्या मागे कोणी काही मिसळायला जागाच राहत नाही.

पुढच्या बैठकीत एक सरबत करून बघा. जमलं की रेडिओवर कळवा, आणि तुमच्या गावची रीत असेल तर तीही सांगा. रामराम.