आडोसा आणि लपण

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिका घरोघरी गेली आणि आम्हांला दोन फोन आले. एका काकूंनी विचारले, "लपण्याचे नियम? हे व्याख्यान आहे का लपाछपी?" काकू, थोडे दोन्ही आहे. एरवी या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरी, मधुमेह आणि शिंदेशाहीचा इतिहास ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आज अर्धा तास खेळाला द्या, एवढीच विनंती.

गेली काही वर्षे शनिवारी रात्री जेवणे आटोपली की आमच्या माजघरात एक खेळ मांडला जातो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापला, त्याच घराण्यातला हा खेळ. एक जण प्रसंग सांगतो. त्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. बाकीच्यांची एकेक पात्रे असतात, कुणी योद्धा, कुणी वैदू, कुणी चोर. आपले पात्र काय करते ते आपण सांगायचे, आणि जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे वीस पैलूंचा फासा टाकायचा. नकाशा चौकटीच्या वहीवर पेन्सिलीने काढतो. सोंगट्या आजीच्या जुन्या चौपटाच्या, त्या कमी पडल्या तर चिंचोके. या खेळाचे मूळ टेबलावर शिसाचे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्या मंडळींत आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्यांना त्यात नवे काही वाटू नये.

आता मूळ मुद्दा. समोरून बाण येतो आहे आणि तुम्ही वाड्याच्या अंगणात आहात. तुळशीवृंदावनामागे बसलात तर बाण दगडावर आपटेल. तुमचे डोके दिसत असले तरी धड सुरक्षित. हा झाला आडोसा. दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीमागे उभे राहिलात तर तुम्ही कुठे आहात हे कळणार नाही, पण बाण अंदाजाने सोडला तर गोधडीतून आरपार येईल. हे झाले लपण. आडोसा बाण अडवतो, लपण नजर अडवते. चांगली भिंत दोन्ही करते, म्हणून माणसे दोहोंची गल्लत करतात.

पुस्तकाचा नियम सोपा आहे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत अर्धे अंग झाकणाऱ्या आडोशाला बचावाच्या आकड्यात २ मिळवायचे, पाऊण झाकणाऱ्याला ५, आणि पूर्ण आडोशामागच्यावर थेट नेम धरताच येत नाही. लपणासाठी तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ सालच्या सुधारित रूपात निराळी तऱ्हा होती: नेम लागला असे ठरल्यावरही शंभरात वीस वेळा तो वाया जातो, आणि शत्रू अजिबात दिसत नसेल तर पन्नास वेळा. पुढे हे काढून टाकले. आता न दिसणाऱ्यावर वार करताना दोन फासे टाकून लहान आकडा धरतात. आम्ही मात्र आडोसा नव्या पुस्तकातला आणि लपण जुन्या पुस्तकातले घेतले आहे. नेम लागला की पुन्हा एकदा वीस पैलूंचा फासा टाकायचा. १ ते ४ पडले तर बाण गोधडीत गेला. घरात त्याला गोधडीचा फासा म्हणतात.

हे मिश्रण का, याचे उत्तर आमच्या आजोबांनी पेन्सिलीने दिले. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. खेळात बसत नाहीत, पण कोपऱ्यातून ऐकतात. त्यांनी तीन धनुर्धर घेतले. पहिला साधारण, ११ किंवा वर पडले की त्याचा नेम लागतो, म्हणजे शंभरात ५० वेळा. अर्ध्या आडोशाने त्याला १३ लागतात, म्हणजे ४०. गोधडीने ५० पैकी पाचवा भाग वजा, म्हणजे तेही ४०. दोन्ही सारखे! पण दुसरा अर्जुनाचा चेला, त्याला ३ पुरतात, शंभरात ९० वेळा लागतो. अर्ध्या भिंतीने तो ८०वर येतो, गोधडीने ७२वर. तिसरा नवशिका, त्याला १७ लागतात, शंभरात २०. भिंतीने तो १०वर येतो, गोधडीने १६वरच राहतो. म्हणजे कच्च्या नेमबाजापुढे भिंत बरी आणि पक्क्यापुढे गोधडी बरी. हे आम्हांला पटले, कारण पक्का नेमबाज भिंतीवरून डोकावणारे कपाळ टिपू शकतो, पण जे दिसतच नाही त्याला तो तरी काय करणार?

आता आपल्या गावाकडे येऊ. फासे आणि लपणे या दोन्हींचे जुने नाट्य आपल्याच उज्जयिनीत घडते, हे आपल्यापैकी नाटकवेड्या मंडळींना सांगायला नको. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' घ्या, किंवा देवलांनी मराठी रंगभूमीसाठी केलेले त्याचे संगीत रूप घ्या. दुसऱ्या अंकात जुगारात दहा सुवर्ण हरलेला संवाहक पळतो आणि उलट्या पावलांनी एका रिकाम्या देवळात शिरतो, म्हणजे ठसे बाहेर गेल्यासारखे दिसावेत. देवळात मूर्ती नाही, म्हणून हाच मूर्ती होऊन उभा राहतो. माथुर आणि दुसरा जुगारी मागोमाग येतात, मूर्ती लाकडाची की दगडाची यावर वाद घालतात, तिला हलवून बघतात, आणि शेवटी तिथेच फासे मांडून बसतात. फाशांचा आवाज ऐकून संवाहकाला राहवत नाही, डाव माझा म्हणत तो स्वतःच पुढे होतो. आमच्या घरचा एक नियम सरळ इथून आला आहे: लपलेले पात्र बोलले, हसले किंवा त्याने वार केला, की लपण संपले. आणि पात्राचा खेळाडू टेबलावर मोठ्याने हसला तरी संपले! हा दुसरा भाग कडक आहे असे पाहुणे म्हणतात. आम्ही तो बदललेला नाही.

पहिल्या अंकात अंधार आहे. शकार वसंतसेनेच्या मागे लागलेला, आणि डोळ्यांना काही दिसत नसले तरी तिच्या फुलांचा वास आणि नूपुरांचा आवाज तिचा पत्ता देतो. विट तिला आडून सुचवतो. ती माळा आणि नूपुर काढते आणि भिंत चाचपत चारुदत्ताच्या दारापर्यंत येते. दार उघडताच पदराने दिवा मालवते. बिचारी रदनिका मात्र शकाराच्या हाती सापडते. यावरून आम्ही ठरवले की लपताना कुणापासून लपतो आहोत ते सांगायचे: डोळ्यांपासून, कानांपासून की नाकापासून. अंगात लोखंडी चिलखत असेल तर गोधडीचा काही उपयोग नाही. पहारेकऱ्याजवळ कुत्रा असेल तर अंधाराचाही नाही.

तिसऱ्या अंकातला शर्विलक तर चोर-पात्रांचा गुरुवर्य. भिंतीला भोक पाडल्यावर तो आधी आत एक खोटा माणूस सरकवतो, मग स्वतः जातो. दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. एक किडा सोडून दिवा विझवतो. माप घ्यायची दोरी विसरला, तर जानव्याने मोजतो. पण त्याच्याकडे एक योगरोचना नावाचा लेपही आहे, जो लावला की पहारेकऱ्यांना दिसायचे नाही आणि शस्त्राचा घाव दुखायचा नाही, म्हणजे आडोसा आणि लपण एकाच डबीत. ती डबी आमच्या घरात बंदी आहे. मजा अशी की लेप असूनही शर्विलक खोटा माणूस, पाणी, किडा हे सगळे करतोच. त्याचा स्वतःचाही त्या डबीवर फारसा भरवसा नसावा.

हे सारे ऐकायला गोड आहे, पण आमचे नियम हौसेने झाले नाहीत. ते एका भांडणातून झाले, आणि त्यात चूक आमची होती.

दिवाळीची सुटी होती. महाकाळाजवळच्या चोवीस खांबांच्या जुन्या दरवाजावरून आम्ही नकाशा काढला होता, चोवीस खांब, रात्र, वर पहारेकरी. आमची पुतणी तेव्हा बारा वर्षांची. तिची चोर-मुलगी तिसऱ्या खांबामागे उभी राहिली. तिने विचारले, "मी दिसतेय का?" सूत्रधार म्हणाला, "बघू या." सूत्रधार आमच्यातलाच एक. फासा टाकला, बेरीज १४ झाली. तिच्या बचावाचा आकडा १३. खांबाचा अर्धा आडोसा धरला असता तर १५ झाला असता आणि बाण चुकला असता. सूत्रधार म्हणाला, "खांब अरुंद आहे." बाण लागला, पात्र मेले. वर्षभर खेळवलेले पात्र. तिने आपला कागद घडी घालून कंपासपेटीत ठेवला आणि झोपायला गेली. अर्ध्या तासापूर्वी तिचा थोरला भाऊ त्याच खांबामागे होता आणि त्याला २ मिळाले होते, हे आम्हांला ती गेल्यावर आठवले.

चार शनिवार ती आली नाही. आम्ही म्हटले, अभ्यास असेल. पाचव्या दिवशी आजींनी पोळ्या लाटता लाटता सांगितले की पोरगी म्हणते, दादासाठी खांब रुंद असतो.

त्या रात्री खेळ झाला नाही, वही उघडून बसलो. कारण शोधताना आम्हांला आमचा जुना डबा ऐसपैस आठवला. आमच्या पिढीने गोपाळमंदिराच्या मागच्या गल्ल्यांत तो खेळला आहे. ज्याच्यावर राज्य त्याला नुसते "दिसला, दिसला" म्हणून चालत नसे. नाव घेऊन ऐसपैस म्हणावे लागे. म्हणून आम्ही शर्टांची अदलाबदल करून फक्त बाही दाखवायचो. चुकीचे नाव घेतले की त्याच्यावर अंडे आणि राज्य पुन्हा त्याच्याचकडे. आठ-दहा वर्षांची पोरे, पंच कुणी नाही, तरी भांडण क्वचितच टिके, कारण शोधणाऱ्यालाही चुकण्याची किंमत होती. आमच्या सूत्रधाराला मात्र काहीच किंमत नव्हती. खांब अरुंद म्हटला की अरुंद.

तेव्हापासून आमच्याकडे खांबाची रुंदी नकाशावर आधी लिहिलेली असते, अ म्हणजे अर्धा, पा म्हणजे पाऊण, गो म्हणजे गोधडी. न लिहिलेल्या वस्तूबद्दल खेळाडूने विचारले, तर फासा हातात घेण्यापूर्वी सूत्रधाराने उत्तर द्यायचे, आणि दिलेले उत्तर त्या रात्रीपुरते सगळ्यांना लागू, शत्रूलाही. "बघू या" हा शब्द बंद. पहारेकरी "इकडे-तिकडे बघतो" असे चालत नाही. कोणत्या खांबामागे बघतो ते सांगायचे, आणि तिथे कुणी नसले तर त्याची पाळी गेली. हे डबा ऐसपैसचे अंडे. यामुळे खेळ संथ होतो, हे खरे आहे. तरुण मंडळी कुरकुर करतात. आमच्या मते दहा मिनिटे जास्त गेली तरी चालतील.

पुतणीला आम्ही वही दाखवली आणि तिचे पात्र परत जिवंत करतो म्हणालो. तिने सगळे नियम वाचले, गोधडीच्या फाशाचे गणित आजोबांकडून पुन्हा करून घेतले, आणि म्हणाली, "मेली ती मेली. मी नवी करीन." मग म्हणाली, पुढच्या वेळी सूत्रधार मी.

उद्या संध्याकाळच्या आरतीनंतर मंडपाच्या मागच्या खोलीत ती दोन टेबले मांडणार आहे. वय दहाच्या वर कुणीही यावे, आजी-आजोबांसह. फासे आमचे, पेन्सिल आपली आणावी. नकाशा तिने मांडला आहे, खांब पुन्हा चोवीस. प्रत्येकावर अक्षर लिहिलेले आहे, आम्ही मोजून पाहिले.