‘अ‍ॅलर्जी आहे’, पण कशाची?

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



ताळेबंद आपणांसमोर आहेच. त्यात न दिसणारी एक नोंद आज मांडावयाची आहे.

गेल्या पावसाळ्यात मुलुंडच्या एका गृहिणीने घसा दुखतो म्हणून यजमानांची उरलेली कॅप्सूल घेतली. अर्ध्या तासात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. रिक्षातून आणले तेव्हा नाडी जेमतेम लागत होती. डॉक्टरांनी तत्काळ मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलीनचे इंजेक्शन दिले आणि त्या वाचल्या. असा त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो, म्हणून त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवले.

नंतर जुने केसपेपर काढले. चार वर्षांपूर्वी त्या आपल्याकडेच आल्या होत्या आणि आमच्याच कागदावर लिहिले होते : ‘औषधाची अ‍ॅलर्जी आहे.’ कोणत्या, ते नव्हते. आम्ही वाणिज्य शाखेचे. खात्याचे नाव नसलेली रक्कम खतावणीत आम्ही एक दिवसही चालवून घेतली नसती.

घरच्यांना पूर्वीच्या गोळीचे नाव पाठ होते, परंतु ते कंपनीने दिलेले. अ‍ॅमॉक्सिसिलिन हे एकच औषध बाजारात अनेक नावांनी मिळते. या वेळच्या पाकिटावर निराळे नाव होते, म्हणून शंकाच आली नाही. हे औषध पेनिसिलिनच्या घराण्यातले. पिंपरीच्या सरकारी कारखान्याने १९५५ साली पेनिसिलिन बनविण्यास आरंभ केल्यापासून हे घराणे आपल्या घराघरांत पोहोचले आहे. सल्फायुक्त औषधांची तऱ्हा वेगळी : त्यांची गंभीर प्रतिक्रिया कित्येकदा आठवड्या-दोन आठवड्यांनी, तोंडातील फोड आणि सोलवटणारी कातडी या रूपाने प्रकटते.

याची दुसरी बाजूही डॉक्टरांनी आम्हांस समजावली. नुसते जुलाब किंवा मळमळ म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. परदेशांतील तपासण्यांत, स्वतःस पेनिसिलिन चालत नाही असे मानणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना ते चालते असे आढळले. मोघम नोंदीपायी अशा रुग्णांवर विनाकारण महाग औषधांचा भार पडतो.

आता केसपेपरच्या पहिल्याच पानावर लाल चौकट आहे : औषधाचे मूळ नाव, दिनांक, किती वेळात काय झाले. तेच रुग्णाच्या कार्डावर उतरवितो. गंभीर घटना २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमास कळवितो. कार्डांच्या छपाईचा खर्च किरकोळ आहे. प्रत्येक कक्षात दिवसरात्र प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा मात्र नाही, आणि तेथेच आपली देणगी लागते.

नातेवाइकांनी नोंदणी खिडकीवर कार्ड मागून घ्यावे. जुने पाकीट घरात असल्यास कृपया सोबत आणावे.