धवळा कागदावर येतो तेव्हा

अलिबागला मी मराठी घेऊन एम. ए. करते आहे, दुसऱ्या वर्षाला. घरी पाहुणे आले की त्यांचा प्रश्न ठरलेला, "मग, कुठवर आलं शिक्षण?" गुणपत्रिका दाखवली की त्यांचं समाधान होतं. माझं होत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासात आपण पुढे सरकलो, हे ओळखायचं कशावरून?

पहिल्या वर्षी आमच्या निबंधांत 'हृदयस्पर्शी', 'वास्तवदर्शी' अशा शब्दांची नुसती रेलचेल असायची. मॅडम त्यांच्याभोवती पेन्सिलीनं गोल करायच्या आणि समासात एकच शब्द लिहायच्या, 'कुठे?' संहितेवर बोट ठेवून त्याचं उत्तर देता आलं पाहिजे, एवढीच अट. आमचं ते वर्ष त्या अटीतच गेलं.

भाषेच्या इतिहासाच्या तासाला अक्षीचा शिलालेख आला. अलिबागहून रेवदंड्याच्या एस.टी.त बसलं की थोड्याच वेळात अक्षी लागतं. तिथला लेख मराठीतला सर्वांत जुना, हे आम्ही शाळेपासून अभिमानानं ऐकलेलं. वर्गात कळलं, की संशोधक शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. पण काही अभ्यासक त्याला सुमारे दोनशे वर्षं अलीकडे आणतात. अक्षरं झिजलेली, त्यामुळे आकडा कसा वाचायचा यावरच सगळा वाद. वर्गातली अलिबागची मुलं अर्थातच १०१२च्या बाजूनं उभी राहिली! मॅडम म्हणाल्या, "गाव तुमचं आहे, हा पुरावा होत नाही." मग आम्ही मजकुराकडे वळलो. शिलाहार राजा केसिदेव, त्याचा प्रधान, महालक्ष्मीच्या बोडणासाठी नेमून दिलेलं धान्य. दिवेआगरचा शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा ताम्रपटही असाच व्यवहाराचा कागद, म्हणजे पत्रा. दोन्हींत कल्पनाविलास शोधून सापडत नाही. तरी कोण बोलतंय, कोणासाठी, कोणाच्या साक्षीनं, हे प्रश्न तिथंही विचारता येतात, हे मला त्या तासाला उमगलं. कवितेला हेच प्रश्न विचारायला मी त्यानंतर लागले.

पण माझा खरा अभ्यास सुरू झाला तो महदंबेच्या धवळ्यांपासून, म्हणजे लग्नातल्या गाण्यांपासून. महदंबा तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली, मराठीची आद्य कवयित्री. वऱ्हाडातल्या रिद्धपूरला, पंथाला पूज्य असलेल्या गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्तानं तिनं रुक्मिणीस्वयंवराची ही गाणी रचली. वर्गात कठीण शब्दांच्या टिपा चालल्या होत्या आणि माझ्या डोक्यात आमच्या गावची, धवळे गाणारी धवलारीण. आम्ही आगरी. आमच्याकडे लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत एकेक विधी धवलारणीच्या गाण्यावर पुढे जातो. तिनं गायलं की विधी झाला. मॅडमना भीतभीतच विचारलं, "हे साहित्य म्हणायचं का?" त्या म्हणाल्या, "आधी लिहून आण."

आमच्या आत्याच धवलारीण. चुलतभावाच्या लग्नात मोबाइलवर त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि वही घेऊन बसले. कागदावर ते फार वाईट दिसलं. तीच ओळ पुन्हा पुन्हा, मध्येच नुसता हुंकार, मध्येच नवरदेवाचं नाव. पहिल्या वर्षातली मी 'पाल्हाळ' असा शेरा मारून मोकळी झाले असते. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं तेव्हा मागचे आवाज ऐकू आले: करवल्या हळदीची वाटी शोधताहेत, कोणीतरी मामाला हाका मारतंय. वाटी येईपर्यंत आत्या ओळ फिरवत राहतात. वाटी आली की पुढची ओळ. त्या पुनरुक्तीचं माप हळदीच्या वाटीशी बांधलेलं होतं. कागदावर वाटीच नाही, म्हणून ती पुनरुक्ती फुगीर वाटते.

हे कळल्यावर मी पुन्हा महदंबेकडे गेले. तिथल्या ज्या जागा मला सैल वाटल्या होत्या, त्यांच्याजवळ आता थांबते. तिथंही समोर माणसं असतील, विधी चालू असेल, कोणाची तरी वाट पाहणं चालू असेल. हे सिद्ध झालंय असं मी म्हणत नाही. पेन्सिलीचा तो गोल अजून डोळ्यांपुढे असतो. रुक्मिणी आणि गावची नवरी यांना एका ओळीत बसवण्याचा मोह मोठा आहे, आणि तेराव्या शतकातल्या वऱ्हाडातून थेट आमच्या मांडवात उडी मारायला माझ्या हाती सध्या पूल नाही.



सध्या या धवळ्यांवरची माझी प्रबंधिका अडली आहे ती मात्र वेगळ्याच कारणानं. एका लग्नातला पाठ पुरेसा नाही, शेजारच्या गावचाही हवा. तिथल्या धवलारीण आजींकडे गेले. म्हटलं, घरबसल्या दोन धवळे म्हणून दाखवा. आजींनी साफ नकार दिला. मांडव नाही, नवरी नाही, मग धवळा कोणासाठी म्हणू? आत्यांनीही त्यांचीच बाजू घेतली. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होईल, तेव्हा आजी मला कोणाच्या तरी हळदीला बोलावणार आहेत. मार्गदर्शकांकडून तोवर मुदत मागून घेतली आहे.