स्वागताध्यक्षांचे भाषण: थरांमधले टनेलिंग



 अतिसंवाहकता मुंबईला परकी नाही. इथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली यट्रियम-निकेल बोरोकार्बाइडमधली अतिसंवाहकता जगापुढे मांडली, २०१७ साली बिस्मथमधली.

आपल्या परिषदेचा विषय मात्र ताम्र-ऑक्साइडांचा आहे. १९८६ साली बेडनॉर्ट्झ आणि म्यूलर यांनी या घराण्याचे दार उघडले. तांबे-ऑक्सिजनच्या थरात इलेक्ट्रॉन सहज फिरतात, पण एका थरातून दुसऱ्यात जाणे त्यांना फार अवघड. फिलिप अँडरसन यांनी नेमके हेच हेरले. साध्या अवस्थेत एकटा इलेक्ट्रॉन अडतो, अतिसंवाहक अवस्थेत इलेक्ट्रॉनांची जोडी टनेलिंगने पलीकडे जाऊ शकते. त्यातून वाचणारी गतिज ऊर्जा हेच अतिसंवाहकतेचे मूळ, असे त्यांनी मांडले.

मला या सिद्धांताबद्दल फार आदर आहे, कारण त्याने स्वतःची परीक्षा स्वतःच नेमून दिली. थॅलियमच्या एकथरी ताम्र-ऑक्साइडात थरांना समांतर चुंबकीय क्षेत्र किती खोल शिरेल, हे त्यावरून काढता येत होते: सुमारे १ मायक्रॉन. कॅथरीन मोलर, जॉन कर्टली आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रत्यक्ष मोजले, तर ते सुमारे २० मायक्रॉन भरले. टनेलिंगमधून वाचणारी ऊर्जा या खोलीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते; म्हणजे ती शेकडो पटींनी अपुरी पडली. ग्रोनिंगनमध्ये व्हॅन डेर मारेल यांच्या गटाने प्रकाशीय मोजणीतून हाच निष्कर्ष काढला. नोबेल विजेत्याचा सिद्धांत मोजपट्टीपुढे मागे हटला, आणि विषय पुढे गेला.

टनेलिंगचे महत्त्व त्यामुळे उणावले नाही. बिस्मथयुक्त ताम्र-ऑक्साइडाचा स्फटिक म्हणजे निसर्गानेच रचलेली जोसेफसन संधींची (टनेलिंगने जोडलेल्या अतिसंवाहक थरांची) चळत, हे क्लाइनर आणि दुसरे एक म्यूलर यांनी १९९२ साली दाखवले होते. १.५ नॅनोमीटरला एक संधी! अशा स्फटिकातून टेराहर्ट्झ लहरी बाहेर पडतात, हे २००७ साली सिद्ध झाले. जोड्या मुळात कशाने जुळतात, यावर मात्र अजून एकमत नाही.

म्हणून वक्त्यांना नम्र विनंती: आपला सिद्धांत कोणत्या मोजणीने खोटा ठरेल, हे व्याख्यानातच सांगावे. आणि विद्यार्थ्यांनो, कोणी ते सांगायचे विसरले, तर संकोच न करता उभे राहून विचारा.